शिफारशीमागचे मोल

बंगळूरहून तुमकूरच्या दिशेने पुण्याकडे निघणारा जुना हमरस्ता राजाजीनगरच्या कडेने जातो. चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचे लाडके नाव धारण करणारी ही वसाहत प्रथम वाढली ती कारखानदारीच्या आधाराने. याच रस्त्यावर म्हैसूर सँडल साबणाचा सरकारी कारखाना आहे. त्या उद्योगाची परंपरा १९१६ सालापर्यंत मागे जाते. तेथून जवळच, राजाजीनगर आणि मल्लेश्वरम यांच्या सीमेवर, किर्लोस्कर इलेक्ट्रिकचा कारखाना दीर्घकाळ चालला. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चिरंजीव रवी किर्लोस्कर यांनी १९४६ साली ही कंपनी बंगळुरात सुरू केली. आज त्या परिसरात ओरायन मॉल आहे आणि वर्ल्ड ट्रेड सेंटरचा उंच मनोरा आहे. ॲमेझॉन या परदेशी व्यापारी कंपनीचे भारतातील मुख्य कार्यालय अनेक वर्षे याच मनोऱ्यात होते. साबण, विजेची मोटार आणि दुकानाविना चालणारी बाजारपेठ, असे व्यापाराचे तीन अवतार येथे थोड्याशा अंतरात पाहावयास मिळतात.

माल कोणताही असो, विकणाऱ्यापुढची मूळ अडचण एकच असते. वस्तू वापरल्यावाचून तिचे गुण कळत नाहीत, आणि विश्वास बसल्यावाचून कोणी ती वापरावयास घेत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली. पुढे किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे मासिक काढले. कारखान्याची व त्याच्या मालाची वार्ता ग्राहकांपर्यंत पोहोचविणे हा त्याचा मूळ हेतू होता. तेच मासिक कालांतराने ‘किर्लोस्कर’ या सुटसुटीत नावाने महाराष्ट्राच्या घरोघरी मानाने वाचले गेले. या मासिकाचा खर्च कोण करतो, हे वाचकाला कधी शोधून काढावे लागले नाही; ते मुखपृष्ठावरच ठळक अक्षरांत छापलेले असे.

नभोवाणीच्या पहिल्या पिढीनेही हाच सरळ मार्ग धरला होता. १९५२ साली रेडिओ सिलोनवरून अमीन सायानी यांच्या आवाजात ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. दंतमंजनाचे नाव कार्यक्रमाच्या नावातच गुंफलेले असल्याने गाणी कोणाच्या पैशाने ऐकावयास मिळतात हे लहान मुलालाही ठाऊक होते. आकाशवाणीने बराच काळ जाहिरातींना दार बंद ठेवले. १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे व नागपूर येथून विविध भारतीवर व्यापारी प्रसारण सुरू झाले. ‘प्रायोजित कार्यक्रम’ हा शब्दप्रयोग मराठी कानांच्या सवयीचा झाला तो त्यानंतरच्या वर्षांत. गाणे संपले, जाहिरातीची धून वाजली, जाहिरात संपली, पुन्हा गाणे लागले. दोहोंमधील कुंपण कानाला स्पष्ट जाणवत असे.

हे कुंपण गेल्या वीस वर्षांत मोडकळीस आले आहे, आणि ते मोडण्यात पॉडकास्ट या नव्या प्रकाराचा वाटा मोठा आहे. पॉडकास्ट म्हणजे महाजालावर ठेवलेला आणि श्रोत्याने आपल्या सवडीने उतरवून ऐकावयाचा ध्वनिमुद्रित कार्यक्रम. हा शब्द २००४ साली इंग्रजी वृत्तपत्रांत प्रथम आढळतो. आज राजाजीनगरच्या मेट्रो स्थानकातून पीण्याच्या गाडीत चढणाऱ्या तरुण नोकरदारांच्या कानांत जे काही चाललेले असते, त्यात संगीताबरोबर पॉडकास्टही असतात. आणि त्यांतील कित्येक मराठी घरांतून आलेल्यांच्या कानांत मराठी पॉडकास्ट असावेत हेही स्वाभाविकच आहे. घरापासून दूर आपल्या भाषेतील एक परिचित आवाज रोज अर्धा तास सोबत करतो, ही गोष्ट लहान नव्हे.

या सोबतीचा खर्च भागतो तो बहुधा प्रायोजकांकडून, आणि तो व्यवहार पुढीलप्रमाणे चालतो. निवेदकाला प्रायोजक कंपनीकडून मुद्द्यांचे टिपण येते. कधी पूर्ण संहिताच येते, कधी ‘तुमच्या शब्दांत सांगा’ एवढीच सूचना असते. निवेदक आपल्या नेहमीच्या आवाजात, बोलण्याच्या ओघात, त्या वस्तूची शिफारस करतो. मोबदला काही वेळा दर हजार ऐकण्यांमागे ठरतो. काही वेळा श्रोत्याला एक सवलतीचा सांकेतिक शब्द दिला जातो. तो वापरून जितकी खरेदी होईल तितका हिस्सा निवेदकाच्या पदरात पडतो. म्हणजे सवलत श्रोत्याला मिळते हे खरे, पण तो शब्द मुख्यतः हिशेबाची खूण असतो. वस्तू फुकट भेट येणे हाही एक मोबदलाच. आणि पुढच्या वेळी पुन्हा भेट यावी ही आशा तर सर्वांत सूक्ष्म मोबदला होय.

आवाजाच्या या बळाचा अभ्यास नवा नाही. २१ सप्टेंबर १९४३ रोजी अमेरिकेत केट स्मिथ या गायिकेने अठरा तास नभोवाणीवरून अधूनमधून बोलत, एकूण पासष्ट वेळा, युद्धरोखे घेण्याचे आवाहन केले. त्या एका दिवसात सुमारे ३ कोटी ९० लाख डॉलरच्या रोख्यांची मागणी नोंदली गेली. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी श्रोत्यांच्या मुलाखती घेऊन १९४६ साली यावर ग्रंथ लिहिला. लोक रोख्यांच्या गुणदोषांपेक्षा त्या बाईंच्या निष्कपटपणावर विश्वासले होते, असे त्यांना आढळले. दहा वर्षांनी, १९५६ साली, हॉर्टन व वोल या दोन संशोधकांनी या एकतर्फी जवळिकीला शास्त्रीय नाव दिले. श्रोता निवेदकाला ओळखतो, निवेदक श्रोत्याला ओळखत नाही, तरीही श्रोत्याच्या मनात मैत्री घडते. पॉडकास्टमध्ये ही मैत्री अधिकच दाट होते, कारण येथे आवाज खोलीत घुमत नाही, थेट कानाच्या आत बोलतो.

म्हणूनच साबणाच्या जाहिरातीतील नटी आणि पॉडकास्टचा निवेदक यांना एका तागडीत तोलता येत नाही. मे २०२५ मध्ये म्हैसूर सँडल साबणासाठी अभिनेत्री तमन्ना भाटिया यांची दोन वर्षांकरिता ६ कोटी २० लाख रुपयांना नेमणूक झाली, तेव्हा कर्नाटकात बरीच टीका झाली. परंतु ती कन्नड अभिनेत्रीला डावलले म्हणून. नटी पैसे घेऊन साबणाची स्तुती करणार हे कोणाला आश्चर्याचे वाटले नाही, आणि त्या स्तुतीने कोणी फसलाही नाही. निवेदकाची गोष्ट वेगळी आहे. ‘गेला महिनाभर मीच हे वापरतो आहे’ असे तो म्हणतो तेव्हा श्रोता त्याला साक्ष समजतो. साक्षीदाराने पैसे घेतले असतील तर ते आधी सांगितले पाहिजे. आणि ज्याची साक्ष द्यावयाची ते त्याने पाहिलेले तरी असले पाहिजे.

पाहिलेलेही नसेल तर काय होते, याचे बोलके उदाहरण अमेरिकेत घडले. गूगल कंपनीने २०१९ साली पिक्सेल-४ नावाचा फोन बाजारात आणला. त्याच्या प्रसारासाठी आयहार्टमीडिया व इतर नभोवाणी कंपन्यांच्या लोकप्रिय निवेदकांकडून जाहिराती वाचून घेतल्या गेल्या. संहिता प्रथमपुरुषी होती. या फोनने काळोखातही उत्तम छायाचित्रे निघतात, असे निवेदक स्वानुभव म्हणून सांगत होते. फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकन आयोगाचे म्हणणे असे की, बहुतेक जाहिराती मुद्रित व प्रसारित झाल्या तेव्हा निवेदकांना तो फोन देण्यातच आलेला नव्हता. २०१९ आणि २०२० या दोन वर्षांत अशा जाहिराती जवळजवळ २९,००० वेळा प्रसारित झाल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये आयोगाने व सात राज्यांनी हे प्रकरण तडजोडीने मिटविले. दोन्ही कंपन्यांना मिळून ९४ लाख डॉलर भरावे लागले.

या प्रकरणाची चर्चा बहुधा येथेच थांबते. परंतु त्याच फोनची एक दुसरी हकीकत आहे, आणि ती या पहिलीशेजारी ठेवून वाचली म्हणजे विषयाचा खरा गाभा उघडा पडतो.

पिक्सेल-४ मध्ये बोटाचा ठसा ओळखण्याची सोय नव्हती. मालकाचा चेहरा पाहून फोन उघडत असे. बाजारात येण्याच्या सुमारासच बी.बी.सी.ने दाखवून दिले की, मालकाचे डोळे मिटलेले असले तरी फोन उघडतो. म्हणजे झोपलेल्या माणसाच्या तोंडासमोर त्याचाच फोन धरला की त्यातील पत्रे, छायाचित्रे, बँकेचे व्यवहार सारे कोणालाही खुले. गूगलने ही गोष्ट लपविली होती असे म्हणता येणार नाही. डोळे मिटलेले असतानाही दुसरा कोणी आपल्या चेहऱ्यासमोर धरून फोन उघडू शकेल, असा इशारा कंपनीच्या स्वतःच्या साहाय्य-पृष्ठावर दिलेला होता. पुढे सुधारणा देण्याचे आश्वासन मिळाले आणि एप्रिल २०२० मध्ये, फोन विक्रीस आल्यानंतर सुमारे सहा महिन्यांनी, ती सुधारणा आली. (भारतात हा फोन विकलाच गेला नाही, त्यातील रडारला लागणाऱ्या लहरींची परवानगी येथे नव्हती. एका अडथळ्याने दुसरे संकट टळावे असा हा योग.)

आता त्या सहा महिन्यांतील श्रोत्याचा विचार करावा. त्याच्या आवडत्या निवेदकाने रात्रीच्या छायाचित्रांची वाखाणणी केली. कंपनीने फोनचा दोष आपल्या साहाय्य-पृष्ठावर लिहून ठेवला. दोन्ही विधाने एकाच काळात अस्तित्वात होती. एक लाखोंच्या कानी गेले, दुसरे जो शोधील त्यालाच दिसणारे होते. कागदोपत्री कबुली होती आणि कानांपुरते मौन होते. शिफारस मोठ्या आवाजात व उणीव बारीक अक्षरांत, अशी ही जुनी रीत. सॉफ्टवेअरमुळे ती फार अधिक घातक झाली आहे.

असे होण्याचे कारण सॉफ्टवेअरच्या स्वभावात आहे. सॉफ्टवेअर म्हणजे यंत्राने काय, केव्हा व कसे करावे याच्या लिखित सूचनांचा संच. चंदनी साबणाची वडी दुकानातून घरी आणली की झिजेपर्यंत ती तीच राहते. तिचा वास कोणी रात्रीतून बदलू शकत नाही. नांगराचेही तसेच. फोन, घड्याळ, विजेवरची दुचाकी किंवा हिशेबाचे ॲप मात्र विक्रीनंतरही बदलत राहते, कारण निर्माता दूर बसून त्यातील सूचना पुन्हा लिहू शकतो. त्यामुळे दोष दुरुस्त होतात हे मोठे वरदान आहे. पण अर्धवट वस्तूही ‘उरलेले नंतर पाठवू’ म्हणून विकता येते, आणि चालती वस्तू ग्राहकाच्या नकळत मंदही करता येते. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपल कंपनीने मान्य केले की, बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनांचा वेग तिच्या सॉफ्टवेअरमधून कमी केला जातो. फोन अकस्मात बंद पडू नयेत म्हणून तसे केले, हे तिचे स्पष्टीकरण तांत्रिक दृष्ट्या पटण्यासारखे होते. राग आला तो आधी नीट न सांगितल्याबद्दल. कंपनीला क्षमा मागावी लागली, बॅटरी बदलण्याचा दर उतरवावा लागला आणि २०२० साली अमेरिकेतील दाव्यांत ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड स्वीकारावी लागली. आधी सांगितले असते तर याच सुधारणेचे कदाचित कौतुक झाले असते.

‘उरलेले नंतर’ या रीतीचा अनुभव खुद्द बंगळूरच्या उद्योगातही आला. ओला इलेक्ट्रिक या तेथील कंपनीच्या विद्युत दुचाक्या डिसेंबर २०२१ मध्ये ग्राहकांच्या हाती पडू लागल्या, तेव्हा घोषित केलेल्या काही सोयी त्यांत नव्हत्या. ठरावीक वेग आपोआप राखण्याची सोय, मार्गदर्शक नकाशा इत्यादी गोष्टी २०२२ च्या मध्यास सॉफ्टवेअरच्या पुढील आवृत्तीतून आल्या. या कंपनीच्या सेवेविषयी राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीकडे दहा हजारांहून अधिक तक्रारी आल्यावर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये तिला कारणे दाखवा नोटीस दिली. या तक्रारींत दुरुस्तीला लागणारा विलंब, गाडी ताब्यात मिळण्यास उशीर असे नाना प्रकार होते. त्या साऱ्या सॉफ्टवेअरच्या नव्हत्या. ९९ टक्क्यांहून अधिक तक्रारींचे निवारण केले, असे कंपनीने उत्तर दिले. येथे मुद्दा एवढाच की, वितरणाच्या पहिल्या आठवड्यात दुचाकी चालवून दिलेली शिफारस आणि सहा महिन्यांनी दिलेली शिफारस या दोन निराळ्या वस्तूंच्या शिफारशी ठरतात. गाडी तीच, रंग तोच, पण सॉफ्टवेअर दुसरे.

भारतीय कायदा या बाबतीत अनेकांना वाटतो तितका मागासलेला नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची जी व्याख्या आहे, तिच्यात महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडविणे हेही स्पष्टपणे घातलेले आहे. अशा जाहिरातीबद्दल निर्मात्याला आणि शिफारस करणाऱ्यालाही दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो; पुन्हा अपराध घडल्यास मर्यादा पन्नास लाखांची. शिवाय शिफारस करणाऱ्यावर एक वर्षापर्यंत, आणि पुढील खेपेस तीन वर्षांपर्यंत, कोणत्याही वस्तूची शिफारस करण्यास बंदी घालता येते. मात्र दाव्यांचा खरेखोटेपणा त्याने पुरेशी काळजी घेऊन तपासला असेल, तर तो दंडास पात्र होत नाही. तपासणी हीच ढाल, असा या कलमाचा आशय आहे.

याच कायद्याखाली केंद्रीय प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये मार्गदर्शक नियम काढले. त्यांतील दोन नियम पॉडकास्टला नेमके लागू पडतात. एकात म्हटले आहे की, निर्माता व शिफारस करणारा यांच्यात असा संबंध असेल की ज्याने शिफारशीच्या विश्वासार्हतेवर परिणाम व्हावा, आणि प्रेक्षक-श्रोत्यांना तो संबंध सहसा अपेक्षित नसेल, तर तो पूर्णपणे उघड केला पाहिजे. साबणाची नटी आणि कानातील मित्र यांतला वर सांगितलेला भेद कायद्याने ‘अपेक्षित नसेल’ या दोन शब्दांत पकडला आहे. दुसऱ्या नियमाप्रमाणे शिफारस ही त्या व्यक्तीचे प्रामाणिक व वाजवी अर्थाने अद्ययावत मत असली पाहिजे, आणि ती पुरेशा माहितीवर किंवा प्रत्यक्ष अनुभवावर आधारलेली असली पाहिजे. ‘अद्ययावत’ हा शब्द ज्याने त्यात घातला त्याने साबणासाठी घातला असो वा नसो, सॉफ्टवेअरला तो चपखल बसतो.

या दोन नियमांची जोड मिळून दोन प्रकटने होतात. पैसे घेतले हे सांगणे पहिले, आणि दोष ठाऊक आहे तो सांगणे दुसरे. व्यवहारात पहिल्याची सवय हळूहळू रुळू लागली आहे; दुसऱ्याची मात्र फारशी कोणाला आठवण होत नाही. ‘हा भाग अमुक कंपनीने प्रायोजित केला आहे’ असे एकदा म्हटले की निवेदकाला आपले ऋण फिटल्यासारखे वाटते. वस्तुतः त्या वाक्याने श्रोता सावध होतो, एवढेच. कशाबद्दल सावध व्हावे, हे त्याला अद्याप कळलेले नसते. मोबदल्याची कबुली देऊन दोष गिळणारा निवेदक हा फी घेतल्याचे मान्य करून औषधाचा दुष्परिणाम न सांगणाऱ्या वैद्यासारखा आहे.

कोणताही दोष नाही असे सॉफ्टवेअर जगात नाही, तेव्हा दर शिफारशीबरोबर दोषांची जंत्री वाचावी काय, असा आक्षेप येथे येईल. तो अगदीच निराधार नाही. पण एवढ्यासाठी फार सूक्ष्म कसोटी लागत नाही. ज्या उपयोगासाठी वस्तू वाखाणली, त्याच उपयोगात श्रोत्याला ठेच लागणार असेल, किंवा त्याचा पैसा, त्याची साठविलेली माहिती अथवा त्याचा जीव धोक्यात येणार असेल, तर तो दोष सांगावयाचाच. पडद्यावरचे एखादे चिन्ह वाकडे दिसते, हे सांगितले नाही तरी चालेल. लेखनासाठी म्हणून शिफारस केलेले ॲप दोन यंत्रांतील मजकूर जुळविताना कधीकधी परिच्छेदच पुसून टाकते, हे सांगितलेच पाहिजे.

मराठी निवेदकावर येथे एक वेगळी जबाबदारी येते, आणि तिचा विचार अद्याप पुरेसा झालेला दिसत नाही. पुष्कळ वस्तूंचे मुद्द्यांचे टिपण इंग्रजीत येते. वस्तूची कसोटीही इंग्रजीतच घेतलेली असते. तिकडच्या परीक्षकाला ‘सुऱ्या’, ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ या शब्दांतील अर्धा र नीट उमटतो की नाही हे कधी दिसणार नाही, कारण हा र मराठीचा खास. लिपीच्या जुन्या मुद्राक्षरांत व अनेक ॲपांत हा एक दोष वर्षानुवर्षे सर्वांना छळीत आला आहे. बोललेले ऐकून लिहून घेणाऱ्या यंत्राला कोल्हापूरचे मराठी कळते की केवळ बातम्यांचे, जोडाक्षर पुसताना पूर्ण अक्षर जाते की अर्धे, पत्त्याच्या चौकटीत देवनागरी चालते की नाही, हे दोष मराठी माणसाखेरीज दुसरा कोण सांगणार? इंग्रजी टिपणाचे भाषांतर वाचून दाखविणाऱ्याची शिफारस निदान या बाबतीत तरी पोकळ ठरते.

सर्व दोष सारख्याच रीतीने मात्र सांगावयाचे नसतात. एक जात सुरक्षिततेच्या छिद्रांची आहे. कुलूप कोणत्या युक्तीने उघडते याची कृती चव्हाट्यावर सांगितली, तर ती घरमालकाबरोबर चोरालाही कळते. म्हणून या क्षेत्रात असा शिष्टाचार रूढ झाला आहे की, छिद्र सापडल्यास प्रथम निर्मात्याला कळवावे, दुरुस्तीला वाजवी मुदत द्यावी, आणि मग ते प्रसिद्ध करावे. गूगलच्याच एका संशोधक-पथकाने ही मुदत साधारणतः नव्वद दिवसांची धरली आहे. भारतात या कामासाठी २००४ पासून ‘सर्ट-इन’ ही सरकारी संस्था आहे. ती अशी छिद्रे नोंदविते, निर्मात्याशी समन्वय साधते आणि लोकांसाठी सावधगिरीची पत्रके काढते. निवेदकाने युक्ती सांगू नये हे योग्यच. पण युक्ती न सांगणे म्हणजे दोष आहे हेच न सांगणे, असा सोयीचा अर्थ काही कंपन्या लावतात. तो मान्य करण्याचे कारण नाही. ‘दुरुस्तीची आवृत्ती येईपर्यंत या फोनवर बँकेचे व्यवहार करू नका’ एवढे सांगितल्याने चोराच्या ज्ञानात भर पडत नाही आणि मालक मात्र वाचतो.

प्रकटन कसे व केव्हा करावे याविषयी ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया या १९८५ साली स्थापन झालेल्या संस्थेने २०२१ मध्ये नियम केले. ही जाहिरातक्षेत्राची स्वतःची नियामक संस्था असून तिचे नियम १४ जून २०२१ पासून लागू झाले. चित्रफितींसाठी तिने सेकंदांचे हिशेब घातले आहेत. केवळ ध्वनीच्या कार्यक्रमांसाठीचा नियम थोडक्यात असा: जाहिरात असल्याची घोषणा आरंभी व अखेरीस स्पष्ट शब्दांत झाली पाहिजे, आणि मध्ये जेव्हा जेव्हा खंड पडेल तेव्हा त्या खंडापूर्वी व खंडानंतरही झाली पाहिजे. ऐकणारा कोठूनही ऐकू लागतो आणि कोठेही थांबतो, हे ध्वनिमाध्यमाचे व्यंग नियम करणाऱ्यांनी ओळखलेले दिसते. घोषणेची भाषा इंग्रजी किंवा जाहिरातीचीच असावी अशी मुभा या संस्थेने ठेवली आहे. सरकारी नियमांचा कल मात्र दाव्याची भाषा तीच खुलाशाची भाषा असावी याकडे आहे. मराठीत पंधरा मिनिटे रसाळ बोलून शेवटी घाईघाईने दोन इंग्रजी शब्द पुटपुटणे ही पळवाटच म्हणावयाची. ‘प्रायोजित’ हा शब्द मराठी श्रोत्याला अर्ध्या शतकाहून अधिक काळ परिचित आहे, आणि ‘जाहिरात’ तर त्याच्या कितीतरी आधीपासून.

या सर्व नियमांत एक जागा अजून रिकामी आहे. नभोवाणीवरील शब्द पूर्वी हवेत विरून जात असे. पॉडकास्टचा भाग संग्रहात पडून राहतो. चार वर्षांपूर्वीची शिफारस आज प्रथमच ऐकणारा कोणी ना कोणी असतोच. काही कंपन्या जुन्या भागांतील जाहिराती उतरवून त्यांच्या जागी नव्या घालतात, आणि तंत्राने ते सोपे आहे. पण निवेदकाने बोलण्याच्या ओघात केलेली शिफारस कापून निघत नाही. मधल्या काळात ते ॲप सुधारलेले असेल, बिघडलेले असेल, कदाचित बंदही पडले असेल. लिखित ग्राहक-अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली एक मानक केले. बोललेल्या शिफारशीला असे वय मोजणारे काही नाही. काही निवेदक आपणहून भागाखालील टिपणात शिफारशीची तारीख, सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा क्रमांक आणि मागाहून कळलेले दोष नोंदवितात. यास पाच मिनिटे लागतात. ज्याच्याकडे असे टिपण नाही, त्याच्या श्रोत्याने खरेदीपूर्वी निर्मात्याच्या पृष्ठावरील ‘ज्ञात अडचणी’ हा भाग उघडून वाचावा. तो बहुधा तळाशी असतो. फसगत झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ आहे. बिलाची प्रत जवळ असावी, आणि ज्या भागात शिफारस ऐकली त्याचे नाव व दिनांक टिपून ठेवलेला असावा.